पक्षी आलेच नाहीत म्हणता? आधी पाणी बघा

दिवाळीच्या सुट्टीत दरवर्षी एक ठरलेली बातमी येते, नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात परदेशी पाहुणे दाखल, सोबत पट्टकादंब या रानहंसांच्या थव्याचा सुंदर फोटो, जो बऱ्याचदा आदल्या जानेवारीतला असतो. मग लोक गाडी काढतात, नाशिकहून चाळीसेक किलोमीटर, पोरं मागच्या सीटवर, आणि मनोऱ्यावर चढून बघतात तर समोर लांबच लांब पाणी, पाणवेली, दूरवर तपकिरी ठिपके आणि जवळ चार बगळे. आठवड्याभरात दुसरी बातमी येते, यंदा पक्ष्यांनी पाठ फिरवली. माझी मामेबहीण भाऊबीजेला आली होती, तिनेही हेच विचारलं, ताई खरंच येत नाहीत का गं आता पक्षी? जेवणं झाल्यावर तिला जे दीड तास सांगत बसले तेच इथे लिहितेय, कारण हा प्रश्न खूप जणांच्या मनात असतो आणि त्याचं उत्तर पक्ष्यांपेक्षा पाण्यात जास्त आहे.

पाणथळ जागा म्हणजे तलाव नव्हे

एक हंडाभर पाणी घ्या आणि तेच पाणी मोठ्या परातीत ओता. पाणी तेवढंच आहे, पण हंड्याच्या तळाला पडलेलं नाणं काढायला खांद्यापर्यंत हात घालावा लागतो आणि परातीत नुसती बोटं बुडवली की नाणं हाताला लागतं. धरण म्हणजे हंडा, पाणथळ जागा म्हणजे परात. जिथे पाणी उथळ पसरलेलं असतं, कडेला चिखल असतो, वर्षातून कधी पाणी चढतं कधी उतरतं, ती पाणथळ जागा. उन्हं तळापर्यंत पोचतात म्हणून तिथे शेवाळ आणि पाणवनस्पती उगवतात, त्यावर गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, बारके मासे जगतात, आणि हे सगळं पक्ष्याच्या चोचीच्या टप्प्यात असतं.

टप्पा हा शब्द महत्त्वाचा आहे. कोल्हा आणि करकोच्याची गोष्ट आठवतेय ना, एकाने ताटात खीर वाढली आणि दुसऱ्याने सुरईत, दोघेही एकमेकांकडे उपाशी राहिले. पाणथळीवर प्रत्येकाचं भांडं ठरलेलं असतं. बारीक तुतवार पक्षी, ज्यांचे पाय काडेपेटीतल्या काडीएवढे, ते फक्त ओल्या चिखलात आणि बोटभर पाण्यात चालू शकतात. शेकाट्याचे लालगुलाबी पाय लांब, तो वीतभर पाण्यात आरामात फिरतो. चक्रांग, थापट्या, तलवार बदक ही बदकं पोहतात पण बुडी मारून खात नाहीत, डोकं खाली आणि शेपूट वर करून मान पोचेल तेवढंच खातात, म्हणजे फार तर हातभर. त्यातही तलवार बदकाची मान लांब म्हणून त्याला थोडं खोल चालतं, छोट्या चक्रांगाला नाही. लालसरी मात्र बुडी मारते, तिला पुरुषभर पाणी असलं तरी हरकत नाही.

म्हणजे एकाच जागेत पाणी अर्ध्या मीटरने वाढलं तर तुमच्या डोळ्याला काहीच फरक दिसत नाही, उलट तलाव भरलेला छान दिसतो, पण निम्म्या पक्ष्यांचं ताट उचललं गेलेलं असतं.

ही परात तयार कशी झाली

ही गोष्ट मला फार आवडते. नांदूर मध्यमेश्वर हे नाव पावसाळ्यात सगळ्यांच्या कानावर असतं, बातम्यांत सांगतात ना, नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून इतके हजार क्युसेकचा विसर्ग. (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर, दोन मोठे हंडे धरा.) निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ गेल्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रजांच्या काळात हा दगडी बंधारा बांधला. हेतू एकच, पाणी अडवून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचं आणि पुढच्या कोरडवाहू भागाला द्यायचं. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात असणं शक्य नव्हतं.

पण दोन्ही नद्यांनी दर पुराला गाळ आणला. बंधाऱ्यामागे पाण्याचा वेग मरतो, वेग मेला की गाळ खाली बसतो. वर्षानुवर्षं तो साचत गेला, मधे उंचवटे आणि बेटं झाली, त्यावर गवत, पाणकणीस, बाभळी उगवल्या. इंजिनिअरच्या नजरेतून बघितलं तर साठवण क्षमता घटली, नुकसान झालं. पण हंड्याची परात झाली आणि पक्ष्यांना जागा सापडली. पक्षीतज्ज्ञ डॉ. सालीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं असं सांगितलं जातं, आणि गंमत म्हणजे राजस्थानातलं मूळचं भरतपूरचं पक्षी अभयारण्यही निसर्गाने एकट्याने घडवलेलं नाही, तिथला अजान बांध १८व्या शतकातला, आणि त्या-त्या वर्षी तिथे पाणी सोडलं की नाही यावर पक्षी ठरतात. १९८६ साली नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य जाहीर झालं. आतापर्यंत इथे २३० पेक्षा जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे.

निफाडचा पारा घसरला म्हणून पक्षी येतात का

नाही. हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे आणि तो होणं साहजिक आहे, कारण राज्यात कडाक्याची थंडी म्हटलं की निफाडचं नाव पहिलं येतं, आणि पक्षीही तिथेच येतात, मग आपण दोन्ही जोडून टाकतो. पण पक्षी आपल्याकडे थंडी खायला येत नाहीत, ते त्यांच्याकडचं दुकान बंद झालं म्हणून येतात.

सायबेरिया, मंगोलिया, कझाकस्तान, तिबेटचं पठार, या भागात उन्हाळा छोटा पण जबरदस्त असतो, दिवस लांबलचक, सगळीकडे किडे, गवत, पाणी. पिल्लं वाढवायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळी गोठायला लागतात, चिखल दगडासारखा होतो, चोच रुतणार कुठे? थंडी बदकाला सोसते, पिसांच्या खाली मऊ लव असते तिचं पांघरूण उत्तम आहे. उपास सोसत नाही. आणि बर्फ पडेपर्यंत कोणी थांबत नाही, दिवस लहान व्हायला लागला की शरीरालाच सूचना मिळते, पक्षी भराभर खाऊन अंगात चरबी साठवतात, रात्री अस्वस्थ होतात आणि एके दिवशी निघतात. वाट सापडते ती सूर्य, तारे, पृथ्वीचं चुंबकत्व, डोंगर-नद्यांच्या खुणा या सगळ्यावरून मिळून.

हा जो उत्तरेकडून आपल्याकडे येणारा रस्ता आहे त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात, आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत, तीसेक देशांवरून. पण रस्ता म्हणजे एकच आखलेली लाइन नाही, एसटीच्या जाळ्यासारखं आहे, मधे थांबे, काही गाड्या इथे संपणार, काही पुढे श्रीलंकेपर्यंत जाणार.

पट्टकादंबाचं तर ऐकून अंगावर काटा येतो. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला हा हंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो, अंगावर ट्रान्समीटर बसवलेले पक्षी ७,००० मीटरच्या वर उडताना नोंदले गेलेत. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू जास्त घट्ट पकडतं. तो एकदा उंच चढून सरळ तरंगत येत नाही, डोंगराच्या चढउताराला धरून खालीवर होत येतो, आणि बरंचसं उड्डाण रात्री किंवा पहाटे करतो कारण थंड हवा दाट असते, पंखाला आधार जास्त मिळतो. काही पट्टकादंबांच्या मानेत मंगोलियात घातलेली नंबराची पट्टी असते. कधी दिसली तर नंबर नक्की लिहून घ्या, फोटो काढा, पक्षी कुठून निघाला ते त्यावरून कळतं.

सगळे एकाच गाडीने येत नाहीत

पाहुणे दाखल ही बातमी वाचून असं वाटतं की एका रात्रीत लाखभर पक्षी उतरले. तसं नसतं. चिखलातले छोटे तुतवार ऑगस्टमध्येच यायला लागतात, आपण गणपतीच्या तयारीत असतो आणि ते इथे पोचलेले असतात. भुवई बदकही लवकर येणारं. धोबी म्हणजे परीट सप्टेंबरमध्ये घराच्या गच्चीवर शेपटी हलवताना दिसायला लागतो. थापट्या, चक्रांग, तलवार बदक यांची मुख्य आवक ऑक्टोबर-नोव्हेंबर. पट्टकादंब आणि करकरा क्रौंच साधारण डिसेंबर लागल्यावर. म्हणजे दिवाळीत तुम्ही जाता तेव्हा लग्नघरात आदल्या दिवशी पोचल्यासारखं असतं, मांडव पडलाय, जवळचे लोक आलेत, वऱ्हाड अजून वाटेत आहे.

आणि जे दिसतात ते सगळे परदेशी नसतात हेही सांगायला हवं, कारण आपल्याच पक्ष्यांवर अन्याय होतो. जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक (काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार), कमळपक्षी, चित्रबलाक, हे इथलेच. वारकरी आठवला का? काळाभोर पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. तो काही प्रमाणात इथला आणि हिवाळ्यात बाहेरून आलेल्यांची त्यात भर पडते, मोठ्या घोळक्याने पाण्यावर असतो, पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीसारखा.

सगळी बदकं तपकिरीच का दिसतात

हे कुठल्या बातमीत सांगत नाहीत आणि नवीन माणसाची सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. पुस्तकातला थापट्या नर म्हणजे बाटलीसारखं हिरवं डोकं, पांढरी छाती, कुशीला तांबूस रंग. प्रत्यक्षात नोव्हेंबरच्या सुरुवातीला समोर पन्नास बदकं असतात आणि पन्नासही मातकट तपकिरी, मग वाटतं नर आलेच नाहीत की काय.

नर आलेले असतात. विणीचा काळ संपला की बदकांच्या नराची रंगीत पिसं गळतात आणि मादीसारखी तपकिरी पिसं येतात, याला एक्लिप्स म्हणजे ग्रहण म्हणतात, शब्द अगदी बरोबर आहे. त्याच काळात पंखातली उडायची पिसंही एकदम झडतात, म्हणजे तीन-चार आठवडे बदक उडूच शकत नाही. कावळ्या-कबुतरांची पिसं एकेक करून बदलतात, घरातल्या एकेका खोलीला रंग काढावा तशी. बदकं पूर्ण घर एकदम काढतात. आता उडता येत नाही आणि अंगावर झगमगीत रंग, म्हणजे कोल्ह्याला आमंत्रणच, म्हणून त्या दिवसांत तपकिरी होऊन गवतात लपणं शहाणपणाचं. पंखाची पिसं आली की प्रवास सुरू होतो पण रंगीत पोशाख सावकाश चढतो. तलवार बदक, चक्रांग डिसेंबरपर्यंत बऱ्यापैकी रंगात येतात, थापट्याला जास्त वेळ लागतो, आणि भुवई बदकाचा नर तर फेब्रुवारीच्या आसपास कुठे आपली पांढरी भुवई नीट दाखवायला लागतो.

म्हणून सुरुवातीच्या हिवाळ्यात रंग बघू नका, आकार बघा. चोच चमच्यासारखी चपटी आणि डोक्याच्या मानाने मोठी, तो थापट्या. मान बारीक लांब आणि शेपूट टोकदार, तलवार. अगदी छोटं, उडताना पंखात हिरवा चमकदार पट्टा, चक्रांग. एक सकाळ असं बघितलं की तपकिरी घोळक्यातून जाती सुट्या व्हायला लागतात, आणि तो आनंद मला तरी जानेवारीतल्या रंगीत पक्ष्यांपेक्षा जास्त वाटतो.

मग यंदा कमी का दिसतात

आता मुद्द्यावर येते. पाऊस भरपूर झाला किंवा ऑक्टोबरपर्यंत लांबला की नोव्हेंबरमध्ये गावोगावची तळी, पाझर तलाव, ओढ्यांचे डोह, शेतातली डबकी सगळी भरलेली असतात. पक्ष्याला नांदूर मध्यमेश्वरलाच यायची काही सक्ती नाही, जिथे उथळ पाणी आणि शांतता मिळेल तिथे तो उतरतो. म्हणजे पक्षी कमी झालेले नसतात, पसरलेले असतात. जसजशी छोटी डबकी आटतात तसतसे ते मोठ्या जागांवर गोळा होतात, डिसेंबरअखेर, जानेवारीत. उलट कमी पावसाच्या वर्षी ते नोव्हेंबरमध्येच एका जागी दाटीने दिसतात आणि आपण म्हणतो वा, यंदा किती पक्षी! प्रत्यक्षात आजूबाजूला पाणी नाही म्हणून ती गर्दी असते, बाकी स्टँड बंद असल्यावर एकाच स्टँडवर माणसं साठावीत तशी. म्हणून एका दिवशी एका मनोऱ्यावरून दिसलेल्या गर्दीवरून चांगलं वर्ष वाईट वर्ष ठरवू नये. (शेततळ्यांचं विचाराल तर प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्याला उतार सरळ, चिखल नाही, कडेला उथळपणा नाही, ते पाणी असलं तरी परात नाही.)

दुसरं कारण बंधाऱ्यातल्या पाण्याची पातळी. वरती गंगापूर, दारणा ही धरणं आहेत. तिथून कालव्याच्या आवर्तनासाठी पाणी सोडलं की ते इथे येतं आणि इथून कालव्यांत जातं. शिवाय जायकवाडीसाठी सोडलेलं पाणी इथूनच पुढे जातं, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या धरणांतून ते सोडलं होतं तेव्हा वाद किती पेटला होता आठवत असेल. त्या वादात कोण बरोबर हा इथला विषय नाही, पण ऐन नोव्हेंबरात असं पाणी वाहतं आणि फुगवटा वाढतो तेव्हा चिखलाच्या कडा एका रात्रीत बुडतात, काल जिथे दोनशे तुतवार चरत होते तिथे आज नुसतं पाणी. ते मरत नाहीत, उडून दुसरीकडे जातात, पण तीन-चार हजार किलोमीटर उडून थकून आलेल्या जिवाला प्रत्येक वेळी जागा बदलणं म्हणजे साठवलेली चरबी खर्च करणं.

तिसरं कारण पाणवेली म्हणजे जलपर्णी, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं कारण हे आपण केलेलं आहे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. नदीत शहराचं सांडपाणी येतं, त्यात नत्र आणि स्फुरद असतं, म्हणजे पिकाला आपण जे खत घालतो तेच. पाणवेलींना फुकटचं खत मिळतं आणि त्या पाण्यावर गोधडीसारख्या पसरतात. खाली ऊन जात नाही, तळाच्या वनस्पती मरतात, पाण्यातला प्राणवायू घटतो. कमळपक्षी, पाणकोंबड्या त्यावर चालतात, त्यांचं निभतं, पण बदकांना उतरायला मोकळं पाणी लागतं. परात आहे, पण तिच्यावर घट्ट झाकण बसलंय.

रामसर म्हणजे काय, त्याने काही फरक पडतो का

रामसर हे इराणमधलं कॅस्पियन समुद्राकाठचं शहर. तिथे २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, भारत त्यात १९८२ पासून आहे. महत्त्वाच्या जागांची यादी असते, तीत यायचे निकष आहेत, उदाहरणार्थ नियमितपणे वीस हजार पाणपक्षी असणं, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येतला एक टक्का तिथे असणं. नांदूर मध्यमेश्वरला २०१९ मध्ये हा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातली पहिली जागा. नंतर लोणार २०२० मध्ये आणि ठाण्याची खाडी २०२२ मध्ये.

लोक विचारतात, मग आता शेती बंद करायला लावणार का? रामसर करारात भाषा शहाण्या वापराची आहे, म्हणजे माणसाने तिथे राहावं, शेती करावी, मासे धरावेत, पण जागेचा पाणथळपणा टिकेल अशा पद्धतीने. बंदीचे कायदेशीर नियम येतात ते वन्यजीव कायद्यातून, अभयारण्य म्हणून. दोन्हीची हद्दही वेगळी आहे, अभयारण्य साधारण १०० चौरस किलोमीटरचं, ज्यात गावं, द्राक्षबागा, गहू-कांद्याची शेतं आली, आणि रामसर क्षेत्र त्यातलं १,४३७ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेचौदा चौरस किलोमीटर.

शेतकऱ्याचं पाणी तोडून पक्ष्यांना द्यायचं का

असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही, ही जागाच कालव्यांसाठी बांधलेली आहे. प्रश्न किती पाणी याचा कमी आणि कसं याचा जास्त आहे. तेच पाणी सोडताना पातळी सावकाश चढू-उतरू दिली तर चिखलाची कड रोज थोडी सरकते, पक्षी तिच्याबरोबर सरकतात आणि रोज नवा चिखल चरायला मिळतो. एकदम चढवली-उतरवली की एक दिवस पूर आणि एक दिवस भेगा. प्रत्येक वेळी सावकाश सोडणं जमेलच असं नाही, मागणीची घाई असते, पण जमेल तेव्हा पातळी बघणाऱ्यांच्या मनात हा हिशेब असावा एवढंच माझं म्हणणं आहे.

बर्ड फ्लूची भीतीही निफाड-नाशिक भागात असते, कोंबड्यांचा धंदा मोठा आहे आणि २००६ ला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता ते पोल्ट्रीवाले विसरलेले नाहीत. रानबदकांच्या अंगात फ्लूचे विषाणू असू शकतात हे खरं, पण लांबून पक्षी बघितल्याने तो कोणाला होत नाही. काळजी एवढीच, मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, वनखात्याला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, आणि तळ्यावर चिखलात घातलेले बूट तसेच घेऊन पोल्ट्रीच्या शेडमध्ये शिरू नका.

जाणार असाल तर

पहाटे पोचा, सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला उभे राहा, नाहीतर सगळे पक्षी काळे दिसतील. चापडगाव, खाणगाव थडीच्या बाजूला मनोरे आहेत. दुर्बिणीवर ८ × ४२ लिहिलेलं असतं, त्यातला ८ म्हणजे आठपट जवळ आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये, जितकी जास्त तितका उजेड जास्त. सुरुवातीला हीच घ्या, वीसपटची हातात थरथरते. ड्रोन उडवू नका, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, चांगल्या फोटोसाठी थवा उठवू तर अजिबात नका, तुम्हाला दहा सेकंदाचा व्हिडिओ मिळतो आणि त्यांची सकाळची न्याहारी जाते.

पोचल्यावर पहिली पाच मिनिटं दुर्बीण गळ्यातच राहू द्या आणि नुसती पाण्याची कड बघा. बाभळीच्या बुंध्यावर ओली रेघ पाण्याच्या वर दिसतेय का, म्हणजे पाणी उतरतंय, तिथे चिखल उघडा पडणार, तिकडे बघा. रेघ दिसत नाही आणि गवत बुडालंय, म्हणजे पाणी चढतंय, मग कडेला वेळ घालवू नका, बेटांच्या आडोशाला शोधा. काय दिसलं ते ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका, चार बगळेच दिसले तर चार बगळे लिहा, ओळखू न आलेली बदकं तशीच अनोळखी म्हणून लिहा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, आपल्या भागात ती १९८७ पासून चालू आहे, तेव्हा मोजणाऱ्यांबरोबर जायला मिळालं तर सोडू नका. यंदा कमी की जास्त हे ठरवायला अशा वर्षानुवर्षांच्या नोंदीच लागतात.

मामेबहीण जानेवारीत पुन्हा येणार आहे, पोरांना घेऊन. तोपर्यंत थापट्याचं डोकं हिरवं झालेलं असेल. भुवई बदकाचं विचारत होती, तिला सांगितलंय, त्यासाठी अजून एक फेरी मारावी लागेल.